मान वर करायला उसंत

मान दुखते असं म्हणायचा अवकाश, आपल्याकडे दोन उत्तरं तयार असतात. एक दवाखान्यातून येतं. एक्सरे उजेडासमोर धरला जातो आणि सांगितलं जातं, "मणके झिजलेत, गॅप आलीय, आता जपून राहा." दुसरं घरातून आणि ऑफिसातून येतं. "दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालून बसलं तर मान दुखणारच. ताठ बसत जा." पहिल्या उत्तरात दोष हाडांचा, दुसऱ्यात सवयीचा. दोन्ही काळजीपोटीच दिली जातात. पण दोन्ही ऐकून माणूस आक्रसतो. मान वळवायला भितो, पिशवी उचलायला भितो, चालू असलेला व्यायाम सोडतो, पट्टा बांधून बसतो. चार-सहा महिन्यांनी मान पुन्हा आखडली, की आपलं काहीतरी कायमचं बिघडलंय ही समजूत आणखी घट्ट होते.

या दोन्ही उत्तरांनी पुष्कळांचं नुकसान केलं आहे, असं मला वाटतं. रोजची मानदुखी, म्हणजे अपघात नाही, ताप नाही, हातापायांत कमजोरी नाही, तरी मान आणि खांदे भरून येतात ती, बहुतेक वेळा मोडतोडीची नसते. ती खंड न पडता एकाच ठेवणीत चाललेल्या कामाची, अपुऱ्या झोपेची आणि डोक्यावर बसलेल्या ताणाची असते. हालचाल, ताकद आणि विसावा हे तिच्यावरचे उपाय. पण या तिन्हींसाठी जी उसंत लागते ती सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. म्हणूनच मानदुखी हा शरीराइतकाच कामाच्या वाटणीचाही प्रश्न आहे. जागतिक रोगभार अभ्यासाच्या अंदाजानुसार २०२० साली जगात सुमारे २० कोटी लोकांना मानदुखी होती आणि त्यात बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त होतं. एवढ्या माणसांना केवळ नीट बसता येत नाही, असं मानणं मला पटत नाही.

आधी मान कशासाठी घडली आहे ते पाहू. डोक्याचं वजन साधारण साडेचार ते पाच किलो. ते सात मणक्यांवर तोललेलं असतं. जिराफाच्या मानेतही मणके सातच. आपल्या मानेतला पहिला मणका गोल कड्याचा असतो आणि दुसऱ्या मणक्याला वर आलेला एक खुंट असतो. त्या खुंटाभोवती ते कडं फिरतं. आपण मान डावीउजवीकडे वळवतो त्यातलं जवळजवळ निम्मं वळण या एकाच सांध्यात घडतं. त्याच्या खाली मणक्यांमध्ये कूर्चेच्या चकत्या असतात. मोठ्या माणसाच्या चकत्यांत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच. त्यांचं पोषण आजूबाजूच्या ऊतींमधून झिरपत येतं, आणि दाब पडणं-सुटणं या क्रियेची त्याला मदत होते. म्हणजे मान वळावी, झुकावी, उचलली जावी, तिच्यावर भार यावा आणि उतरावा, हीच तिची रचना आहे. जपून ठेवण्याची नाजूक वस्तू म्हणून शरीराने ती घडवलेली नाही.

मग त्या "झिजलेल्या मणक्यांचं" काय? २०१५ साली जपानमधल्या संशोधकांनी १,२११ लोकांच्या मानेचे एमआरआय तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. ही सगळी माणसं निरोगी होती, कुणालाही मानेची तक्रार नव्हती. तरीही त्यांतल्या ८७.६ टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्या दिसल्या. विशीतल्या तरुण-तरुणींमध्येही हे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या वर होतं. त्याआधी १९९० साली अमेरिकेत ६३ निरोगी माणसांच्या मानेचे असेच एमआरआय घेतले गेले होते. तेव्हाची यंत्रं आजच्याइतकी बारकाईने पाहणारी नव्हती, तरी त्यांतही जवळजवळ पाचव्या हिश्शाच्या लोकांत काही ना काही बिघाड दिसला.

एमआरआय निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. नस दबून हातात मुंग्या येत असतील, पंजाची पकड सुटत असेल, तर त्या चित्राइतकं मोलाचं दुसरं काही नाही. पण चाळिशीच्या बाईची मान आठवडाभर दुखते आहे, हातापायांत जोर आहे, बाकी काही तक्रार नाही, आणि तिच्या एक्सरेत कडा थोड्या वाढलेल्या दिसतात, तेव्हा त्या कडांनीच दुखतंय असं ठामपणे सांगायला आधार नसतो. तशाच कडा न दुखणाऱ्या तिच्या शेजारणीच्या मानेतही सापडतील. अशा वेळी "मणके झिजलेत" हे वाक्य आजाराचं कारण सांगत नाही. मात्र बाईचं पुढचं सगळं वागणं ते बदलून टाकतं. ती घाबरते, हालचाल कमी करते, स्नायू आणखी दुबळे होतात, आणि मग थोड्याशा कामानेही मान दुखू लागते. डॉक्टरांच्या तोंडच्या शब्दांचा परिणाम गोळीइतकाच खरा असतो. ते शब्द जपून वापरायला हवेत.

दुखण्याबद्दलची समजही गेल्या काही दशकांत बदलली आहे. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली तिची सुधारित व्याख्या केली. तिच्यात वेदना हा संवेदना आणि भावना या दोन्हींचा अनुभव मानला आहे, आणि प्रत्यक्ष इजा नसतानाही तो इजेसारखा असू शकतो हे स्वीकारलं आहे. "म्हणजे सगळं मनाचंच" असा अर्थ यातून काढणं मोठ्या अन्यायाचं ठरेल. दुखणं खरंच असतं. पण ज्या मज्जासंस्थेतून ते जाणवतं ती जागरणाने, चिंतेने, भीतीने अधिक हळवी होते. नोकरी जाण्याच्या धास्तीत असलेल्या माणसाची मान आणि त्याच खुर्चीत निवांतपणे बसलेल्या माणसाची मान सारखी दुखत नाही, यात आश्चर्य काही नाही.

आता दुसऱ्या उत्तराकडे वळू, ताठ बसण्याच्या. २०१४ साली न्यूयॉर्कमधले मणक्यांचे शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी एक हिशेब मांडला. मान साठ अंशांत पुढे झुकवली तर तिच्यावर सुमारे २७ किलो भार येतो, असं त्यात होतं. मोबाइलवर वाकलेल्या माणसाचं चित्र आणि हा आकडा जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आला. तो आकडा संगणकावर मांडलेल्या प्रतिमानातून निघाला होता. त्या अभ्यासात माणसांची मानदुखी मोजलेलीच नव्हती. मानेवर भार येतो हे खरं, पण भार आला म्हणजे इजा झाली असं होत नाही. डोक्यावर दोन हंडे घेऊन येणारी बाई किंवा शेतात भारा वाहणारा गडी हे रोज अनुभवतात. शरीर भाराशी जुळवून घेतं. त्याला सवय, वेळ आणि मध्ये उसंत मिळाली तर.

पश्चिम ऑस्ट्रेलियात रेन अभ्यास नावाचा एक दीर्घकालीन अभ्यास चालू आहे. त्यात मुलामुलींची सतराव्या वर्षीची बसण्याची ठेवण नोंदवली गेली आणि बाविसाव्या वर्षी त्यांच्या मानदुखीची चौकशी केली गेली. २०२१ साली निष्कर्ष आले. पोक काढून बसणाऱ्या मुलींना टिकून राहणाऱ्या मानदुखीचा धोका ताठ बसणाऱ्या मुलींपेक्षा कमी आढळला. मुलग्यांमध्ये बसण्याची ठेवण आणि मानदुखी यांचा संबंधच दिसला नाही. हा एकच अभ्यास आहे, त्यावरून कुणी मुद्दाम पोक काढून बसावं असं नाही. पण पिढ्यान् पिढ्या मुलींच्या पाठीत धपाटा घालून "सरळ बस" म्हणणाऱ्या आपल्या समाजाने तो लक्षात ठेवावा. जबरदस्तीने ताठ बसणं हेही स्नायूंना कामच असतं. तीन तास वाकून बसलं तरी मान भरून येते आणि तीन तास कडक ताठ बसलं तरीही येते. दोन्हींत समान आहेत ते तीन तास.

असं का होतं? मानेचे आणि खांद्याचे स्नायू अनेक तंतूंच्या गटांनी बनलेले असतात. हलकं काम असलं की सगळे गट एकदम कामाला लागत नाहीत. आधी छोटे गट जुंपले जातात आणि काम संपेपर्यंत तेच ताणलेले राहतात. कीबोर्डवर बोटं चालवताना खांदा जेमतेम उचललेला असतो, जोर नगण्य असतो, पण त्या थोड्याशा जोरासाठी तेच ते तंतू सकाळपासून संध्याकाळपर्यंत राबतात. घरात सगळ्यांच्या आधी उठणाऱ्या आणि सगळ्यांच्या नंतर पाठ टेकणाऱ्या सुनेसारखी त्यांची गत होते. स्वीडनमधले संशोधक गोरान हेग यांनी १९९१ साली ही कल्पना मांडली आणि तिला परीकथेतल्या सिंड्रेलाचं नाव दिलं. ती अजून गृहीतकच मानली जाते, पण हलक्या कामानेही मान इतकी का दुखते याचा उलगडा तिच्यातून होतो. शिवाय डोक्याला ताण असला की खांद्याचे स्नायू नकळत आकसलेलेच राहतात. हिशेब जुळत नसताना, साहेब मागे उभा असताना, परीक्षेची तारीख जवळ आली असताना आपले खांदे कानांकडे सरकलेले असतात. हे आपल्या ध्यानात येतं खांदे दुखायला लागल्यावरच.

ही जाणीव नवी नाही. बर्नार्दिनो रामाझिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. १७१३ सालच्या वाढवलेल्या आवृत्तीत त्याने कारकून आणि लेखनिकांच्या व्याधींची तीन कारणं नोंदवली: सतत बसून राहणं, हाताची अखंड तीच ती हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. मोबाइल यायला तेव्हा अडीच शतकांहून अधिक अवकाश होता. कामाची हत्यारं बदलली, ही तीन कारणं मात्र तशीच राहिली.

ती आजही पाहायची असतील तर सोलापूरच्या पूर्व भागात जावं. तिथे घराघरांत बायका विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात ठेवलेली तेंदूची पानं, कात्री आणि दोरा. पान साच्यावर ठेवून कापायचं, तळहातावर घेऊन त्यात चिमूटभर तंबाखू पसरायची, बोटांनी गुंडाळायचं, टोकं दुमडायची, दोरा बांधायचा, आणि लगेच दुसरं पान. बोटं इतकी झरझर चालतात की पाहणाऱ्याची नजर ठरत नाही. पण मान पाहिली तर ती खाली झुकलेली आणि जवळजवळ स्थिर असते. डोळे सुपावर, हनुवटी छातीकडे, दोन्ही कोपरं अंगाला धरलेली. मजुरी मिळते हजार विड्यांमागे. पान फाटलं, विडी सैल झाली तर ती मोजणीत बाजूला काढली जाते. अशा कामात दर अर्ध्या तासाला उठून मान मोकळी करणं म्हणजे तेवढ्या विड्या कमी वळणं. त्यातच मध्येच उठून स्वयंपाक, पाणी, मुलांचं आवरणं होतं, पण तीही विश्रांती नसते. भाकरी थापताना, भांडी घासतानाही मान पुन्हा खालीच. या बाईला "ताठ बसत जा" असं सांगणाऱ्याने तिचं काम पाहिलेलंच नसतं.

पुण्याच्या पेठांमधल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी गावाकडची मुलं दहा-दहा तास पुस्तकावर वाकलेली असतात. हिंजवडीतल्या ऑफिसांत रात्रीच्या कॉलसाठी थांबलेली मुलं लॅपटॉपपुढे गोठल्यासारखी बसतात. विडी कामगार बाईची आणि यांची परिस्थिती एक नाही, कमाई तर मुळीच नाही. तरी तिघांच्याही मानेची तक्रार एकाच मुळातून येते. काम किंवा चिंता त्यांना मान वर करू देत नाही.

मग करायचं काय? सुरुवात सोप्या गोष्टींपासून करू. सकाळी उठल्यावर मान एका बाजूला वळतच नाही, अशी अचानक आखडलेली मान बहुधा काही दिवसांत ते दोन आठवड्यांत मोकळी होते. तोवर गरम पाण्याच्या पिशवीने शेकावं, गरज पडली तर पॅरासिटामॉल घ्यावी, आणि दुखण्याच्या मर्यादेत मान हळूहळू सगळ्या दिशांना फिरवत राहावी. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या मूत्रपिंडाचा विकार, पोटातला अल्सर, उच्च रक्तदाब असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. बाम चोळून किंवा मालिश करून बरं वाटत असेल तर जरूर करावं, मात्र तो आराम थोड्या वेळाचा असतो. नस दबल्याने हातात कळ येत असेल तर डॉक्टर काही दिवस पट्टा वापरायला सांगू शकतात. साध्या मानदुखीत पट्टा दीर्घकाळ बांधून ठेवला तर ज्या स्नायूंनी काम करायचं तेच दुबळे होतात.

एक सवय मात्र आजच सोडावी. दाढी-कटिंग झाल्यावर मान कडकडून मोडून घेण्याची. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या मानेच्या वरच्या सहा मणक्यांच्या बाजूच्या छिद्रांतून वर जातात. झटक्याने मान पिळली तर त्यांच्या आतल्या थराला चीर पडू शकते आणि पक्षाघात होऊ शकतो. असं क्वचितच होतं, पण भारतातही अशा घटना समोर आल्या आहेत. घटकाभराच्या मोकळेपणासाठी एवढी जोखीम घेण्यासारखी नाही.

मान पुन्हा पुन्हा दुखत असेल तर शेक आणि गोळी पुरे पडत नाहीत. तिथे ताकद लागते. फिनलंडमध्ये ऑफिसात काम करणाऱ्या आणि जुनाट मानदुखी असलेल्या १८० बायकांवर वर्षभर केलेला अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. मानेचे आणि खांद्याचे स्नायू बळकट करणाऱ्या व्यायामांनी त्यांचं दुखणं चांगलंच कमी झालं. फक्त ताण देणारे आणि चालण्यासारखे व्यायाम सांगितलेल्या बायकांना तेवढा फरक पडला नाही. डेन्मार्कमधला २०११ सालचा अभ्यास तर वेळ नसणाऱ्या माणसासाठीच केल्यासारखा आहे. त्यात १९८ नोकरदारांपैकी काहींना रोज फक्त दोन मिनिटं, काहींना बारा मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस रबरी पट्ट्याचा एकच व्यायाम दिला. पट्टा पायांखाली धरायचा, टोकं हातात घ्यायची, कोपरं किंचित वाकवून दोन्ही हात बाजूंनी खांद्याच्या उंचीपर्यंत उचलायचे आणि सावकाश खाली आणायचे. दहा आठवड्यांनी दोन मिनिटांच्या गटातही दुखणं स्पष्ट कमी झालं होतं. बारा मिनिटांचा फायदा थोडा जास्त होता, पण दोन मिनिटांचाही खरा होता.

रबरी पट्टा नसेल तर पाण्याच्या दोन बाटल्या घ्याव्यात. पहिल्या आठवड्यात अर्ध्या भरलेल्या, पुढे पूर्ण. याला जोड म्हणून पाठीवर पडून हनुवटी हलकेच आत घ्यायची आणि पाच-सात सेकंद धरून सोडायची. तळहात कपाळाला लावून डोक्याने त्यावर सावकाश दाब द्यायचा, मान न हलवता. मग तसंच दोन्ही बाजूंनी आणि मागून. सुरुवातीला स्नायू थोडे दुखतील. नवीन काम केल्यावर दुखतात तसेच, त्याने घाबरू नये. दुसऱ्या दिवशी दुखणं आधीच्या पातळीवर उतरलं की पुढे चालू ठेवावं. फरक दिसायला दीड-दोन महिने लागतात. म्हणून आठ दिवसांत "काही उपयोग नाही" म्हणून सोडून देऊ नये.

कामाची मांडणीही बदलता येते, पण परिपूर्ण खुर्चीच्या शोधात पैसे घालवू नयेत. लॅपटॉपखाली चार जाड पुस्तकं ठेवून वेगळा कीबोर्ड जोडला की मान उचलली जाते. फोनवरचं बोलणं उभ्याने, येरझारा घालत करता येतं. उशी अशी असावी की कुशीवर झोपल्यावर डोकं खांद्याकडे कलू नये. जिच्यावर झोपून सकाळी बरं वाटतं ती आपली उशी, मग तिची किंमत काहीही असो. चाळिशीनंतर बायफोकल चष्मा लागलेल्यांनी एक गोष्ट आवर्जून तपासावी. संगणकाचा पडदा चष्म्याच्या खालच्या काचेतून वाचायला ते हनुवटी वर करतात आणि तासन्‌तास मान मागे टाकून बसतात. पडदा खाली घेतला किंवा तेवढ्या अंतरासाठी वेगळा चष्मा केला, तर वर्षानुवर्षांचं दुखणं हलकं होऊ शकतं. आणि झोप. अपुरी झोप आणि रेंगाळणारं दुखणं यांची जोडी इतकी पक्की आहे की रात्री एकपर्यंत जागणाऱ्याने इतर कितीही उपाय केले तरी मान सहजी सुटत नाही.

एवढं करूनही मानदुखी आयुष्यातून कायमची जाईल असं मी म्हणणार नाही. मानदुखीवरच्या आंतरराष्ट्रीय कृतिगटाने २००८ साली सगळे अभ्यास एकत्र तपासले. एकदा मान दुखलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना एक ते पाच वर्षांत ती पुन्हा दुखल्याचं त्यात आढळलं. हे आधीच माहीत असणं फार मोलाचं आहे. दुखणं परत आलं म्हणजे मणके आणखी झिजले, असा अर्थ लावायचं कारण उरत नाही. मागच्या खेपेला जे उपयोगी पडलं ते पुन्हा सुरू करायचं, एवढंच.

काही दुखणी मात्र रोजची नसतात, आणि ती ओळखता यायलाच हवीत. ताप आणि डोकेदुखीसह मान ताठ झाली, तर मेंदूज्वराची शंका घेऊन तातडीने दवाखाना गाठावा. पडल्यानंतर किंवा गाडीच्या अपघातानंतर मान दुखत असेल तर ती न हलवता तपासणी व्हावी. शर्टाची बटणं लावता येत नाहीत, हातातून वस्तू निसटतात, चालताना तोल जातो, लघवीवरचा ताबा सुटतो, ही मज्जारज्जूवर दाब आल्याची लक्षणं असू शकतात. अशा वेळी "बघू काही दिवस" म्हणणं धोक्याचं. रात्रीही न थांबणारं दुखणं, घटणारं वजन, संध्याकाळचा बारीक ताप असेल तर क्षय किंवा कर्करोगाची तपासणी हवी. मणक्यांचा क्षय आपल्या देशात आजही दिसतो. मानेत अचानक कधी नव्हे अशी कळ येऊन बोलणं अडखळलं, चक्कर आली, एक बाजू लुळी पडली, किंवा मान, जबडा आणि छातीत कळ येऊन घाम सुटला, तर थेट मोठं रुग्णालय गाठावं. आमवात असलेल्यांनी मानेच्या नव्या दुखण्याकडे दुर्लक्ष करू नये. ही यादी मोठी वाटली, तरी मान दुखणाऱ्या शंभर जणांत असे रुग्ण थोडेच असतात. डॉक्टरांचं पहिलं काम त्या थोड्यांना वेगळं काढणं, आणि दुसरं काम उरलेल्यांना निर्धास्त करणं. आपल्याकडे पहिलं बरंच होतं, दुसरं राहून जातं.

आता जो आक्षेप मला सर्वात खरा वाटतो त्याकडे येतो. "दोन मिनिटांचा व्यायाम, दर अर्ध्या तासाला उठणं, पुरेशी झोप, हे सगळं ज्याच्या हातात वेळ आहे त्याला सांगा." हे म्हणणं मला मान्य आहे. म्हणूनच मानदुखीचं सगळं ओझं दुखणाऱ्यावरच टाकणं मला चुकीचं वाटतं. कामातून आलेली शारीरिक दुखणी केवळ व्यक्तीच्या शहाणपणाने कमी झालेली नाहीत, संघटनेने आणि कायद्याने कमी झालेली आहेत. शंभर किलोंचं पोतं उचलणं हा एके काळी हमालीचा रिवाजच होता. पोतं कसं उचलावं याचं प्रशिक्षण घ्या, असं सांगून हमालांचे हाल संपले नसते. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीसारख्या संघटनांनी पोत्याचं वजनच कमी करा अशी मागणी धरली. माथाडी कामगारांसाठी महाराष्ट्राने १९६९ साली स्वतंत्र कायदा केला. कामगाराने किती वजन उचलावं यावर आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली करार केला आणि भारताने तो २०१० साली स्वीकारला. मुलांच्या दप्तराचं वजन त्यांच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावं, असं महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ठरवलं. या सगळ्यांत एकच समज आहे: ओझं जास्त असेल तर ओझं कमी करावं, वाहणाऱ्याला दोष देऊ नये.

एकाच ठेवणीत अडकवून ठेवणारं काम हेही ओझंच आहे. ते किलोंत मोजता येत नाही, म्हणून कुणाला दिसत नाही. ते तासांत मोजावं लागेल. नगावर मजुरी देणाऱ्या धंद्यांत विश्रांतीचा वेळ धरून दर ठरले, तरच विडी वळणारी बाई मान वर करू शकेल. ऑफिसात महागडी खुर्ची आणून दिली की आपली जबाबदारी संपली, असं समजणाऱ्या व्यवस्थापनाने बैठकांची लांबी, रात्रीचे कॉल आणि अशक्य मुदती यांचा हिशेब आधी मांडावा. मानेच्या तक्रारींसाठी घेतलेली रजा आळस मानणं बंद व्हावं. सरकारी आरोग्य केंद्रांत फिजिओथेरपिस्ट नेमले गेले, तर गावातल्या माणसाला एक्सरे आणि गोळ्यांपलीकडचा उपाय मिळेल. आज तो मुख्यतः शहरात आणि पैसे मोजणाऱ्यालाच मिळतो.

आणि घर. मानदुखीचं प्रमाण बायकांत जास्त का, याची कारणं अनेक आहेत. पण आपल्या घरांत एक कारण रोज डोळ्यांसमोर असतं. नोकरीवरून आलेला पुरुष टेकतो आणि नोकरीवरून आलेली बाई ओट्याशी उभी राहते. तिच्या खांद्यांना ज्या वेळी सुटायचं असतं त्याच वेळी त्यांची दुसरी पाळी सुरू होते. तिला बाम आणून देणं ही माया आहेच. पण कणीक मळणं, भाजी चिरणं आणि भांडी घासणं स्वतःकडे घेणं हा त्या बामाहून परिणामकारक उपचार आहे. तिची मान त्यानेच आधी सुटेल.

म्हणून मान दुखणाऱ्या माणसाला सांगायची वाक्यं बदलायला हवीत. "जपून राहा"च्या जागी "हालत राहा, हळूहळू ताकद वाढवा, हे बरं होणारं आहे." "ताठ बसत जा"च्या जागी "किती वेळ झाला बसून? ऊठ जरा, मी बघतो तेवढं." पहिलं वाक्य डॉक्टरांनी म्हणायचं आहे, दुसरं घरच्यांनी आणि साहेबांनी. दुखणाऱ्याने स्वतःसाठी रोजची दोन मिनिटं काढावीत, हे माझं मागणं आहेच. पण ती दोन मिनिटं त्याला मिळतील अशी सोय करणं, हे आपल्या सगळ्यांचं काम आहे.